नोटीस कोणाच्या भाषेत?

(नामपूर येथील भाषणाचा मजकूर)



नामपूरची मोसम नदी मालेगावाकडे वाहत जाऊन गिरणेला मिळते. तिच्या काठच्या खेड्यांत घरची बोली अहिराणी, तर मालेगावच्या यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत उर्दू. सरकारी नोटीस मात्र कायद्याच्या क्लिष्ट मराठीतच निघते.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास योजना तयार करण्याचा इरादा राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध करून जनतेच्या सूचना व हरकती मागवाव्या लागतात. मुदत टळली की हरकतीची वाट बंद होते. ज्याच्या घरावरून रस्ता जाणार त्याला नोटीस उमगलीच नाही, तरी त्याचे मौन ही संमती ठरते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने प्रादेशिक भाषेतील दैनिकाबरोबरच ग्रामपंचायतीत व तहसील कचेरीत स्थानिक भाषेत अधिसूचना लावण्याचे बंधन घातले. नगररचनेला हा न्याय का नसावा?

यात मराठीचा अधिक्षेप नाही. पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली लिहिलेली उर्दू सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी वैध ठरवली. संविधानाच्या ३५० व्या कलमानुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. पण नोटीसच कळली नाही, तर गाऱ्हाणे मांडणार कशाचे?

म्हणून उर्दू वृत्तपत्रांतही नोटिसा प्रसिद्ध व्हाव्यात, ही मागणी पक्षाने लावून धरावी. तोवर कार्यकर्त्यांनी प्रत्येक नोटीस चावडीवर अहिराणीत आणि मोहल्ल्यात उर्दूत समजावून सांगावी व मुदतीच्या आत हरकती लिहून द्याव्यात. नियोजनातील लोकशाहीचा आरंभ तेथूनच होतो.