आधी जागा मोजा, मग चिप्स



विषय जाहीर होताच मागच्या रांगेत कुजबुज झाली, ती ऐकली मी. पैसे लावून खेळा, असं सांगायला मी उभा नाही. 2025च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना देशात बंदी आहे. मला बोलायचंय ते निर्णयाबद्दल. पोकरच्या टूर्नामेंटमध्ये समोरच्याने ‘ऑल-इन’ म्हणत सगळ्या चिप्स पुढे सारल्या, तर कॉल करायचा, म्हणजे तेवढ्याच चिप्स आपणही लावायच्या, की पानं टाकायची?

पॉटमध्ये किती आणि भरायचे किती, हे त्रैराशिक इथे सगळ्यांना येतं, ते सोडतो. माझं म्हणणं असं, की टूर्नामेंटमध्ये हातची चिप जिंकायच्या चिपपेक्षा महाग असते.

समजा, चौघे उरलेत आणि मोठ्या स्पर्धेची तिकिटं तीन. चिप्स चौघांकडे सारख्या, ब्लाइंड्स नगण्य. एकजण ऑल-इन, दोघं बाहेर. तुमच्याकडे राजांची जोडी, त्याने चुकून दाखवली एक्का-राणी. शंभरात साधारण 72 वेळा तुम्ही जिंकणार. कॉल?

(सभागृहातून: ‘करायचाच!’ हशा.)

नाही! पानं टाकलीत तर चौघांत तीन तिकिटं, म्हणजे 75 टक्के तुमचेच. कॉल करून जिंकलात तर तिकीट पक्कं, हरलात तर घरी. 75 देऊन 72 घ्यायचे कशाला? ऑल-इन करणारा समोरच्याने पानं टाकली तरी जिंकतो, कॉल करणाऱ्याला मात्र पानं उलटावीच लागतात. म्हणून कॉलला अधिक भक्कम हात लागतो, असं पोकरवरचे लेखक डेव्हिड स्क्लान्स्की सांगतात.

आता 2003, लास वेगास, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर. 839 खेळाडू, प्रत्येकी 10 हजार डॉलर. शेवटी दोघं: मुरलेले सॅम फार्हा आणि ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला अकाउंटंट ख्रिस मनीमेकर. टेबलावर नव्वा, दुर्री, छक्की, अठ्ठी, तिर्री. त्यांत तीन इस्पिकची. फार्हांकडे नव्व्यांची जोडी. मनीमेकरकडे राजा आणि सत्ती, म्हणजे काहीच नाही! तरी तो ऑल-इन. फार्हा विचार करत राहिले. समोरच्याचा फ्लश हुकला असावा, हा अंदाजही त्यांनी बोलून दाखवला. आणि पानं टाकली. पुढे मनीमेकरने 25 लाख डॉलर जिंकले...

(चिठ्ठी येते.) पाच मिनिटं? मग थोडक्यात.

लोक आजही फार्हांना दोष देतात, कारण टीव्हीच्या कॅमेऱ्याने दोघांचीही पानं आपल्याला दाखवली. फार्हांना फक्त स्वतःची दिसत होती. दुसरं बक्षीस दोघांनाही पक्कं होतं, त्यामुळे तिथे मघाचं 75चं गणित लागू नव्हतं. प्रश्न होता तो फक्त समोरचा खोटं बोलतोय का, एवढाच. ‘कॉल की फोल्ड’ हा प्रश्न दोन्हीकडे एकच, हिशेब मात्र वेगळे.

म्हणून विनंती: कुणाच्या कॉलला शाबासकी किंवा शिव्या देण्याआधी विचारा, जागा किती उरल्या होत्या, आणि त्या क्षणी त्याला काय दिसत होतं? पानं उलटल्यावर शहाणपण सगळ्यांनाच येतं. निर्णय तोलायचा तो पानं पालथी असतानाच.

(टाळ्या.)