ते सोने, ते तांबे

पाचगणीला शाळेत असताना मी निबंधात लिहिले होते, 'सोना महाग झाला.' सगळा वर्ग हसला. आमच्या घरची बोली उर्दूच्या वळणाची. सोना, तांबा, लोहा, सगळे 'तो'! 'ते' नावाचे तिसरे लिंग घरात नव्हतेच. पुढे मराठीत कविता लिहू लागलो, तरी त्या नपुंसकलिंगाची धास्ती गेली नाही.

रसायनशास्त्रात लोखंडाची खूण 'एफई', सोन्याची 'एयू'. का, ते बी.ए.ला असताना कळले. फेरम, ऑरम ही लॅटिन नावे. तांबे क्युप्रम, शिसे प्लंबम. हा शेवटचा 'अम' लॅटिनमधला नपुंसकलिंगी प्रत्यय. आणि संस्कृतात? सुवर्णम्, ताम्रम्, लोहम्! दोन्ही भाषा एकाच घराण्यातल्या, प्रत्ययही वडिलोपार्जित. जुन्या मराठी पुस्तकांत 'सोनें', 'तांबें' असे छापत, तो अनुस्वार त्याच 'म्'ची खूण. 1962च्या लेखननियमांनी तो पुसला, तरी बोलीतले 'सोनं' लिहिताना टिंब परत येतेच. मला रडवणाऱ्या 'ते'चे नातेवाईक थेट रोमपर्यंत होते तर!

हम्फ्री डेव्हीने 1807 साली लंडनमध्ये विजेच्या साहाय्याने दोन नवे धातू वेगळे काढले आणि त्यांना सोडियम, पोटॅशियम म्हटले. धातू म्हणजे 'इयम' हा पायंडा पडत गेला. आमच्या टेबललँडच्या जांभ्या दगडात लोखंडाच्या जोडीला जो धातू असतो, त्याला डेव्हीने 1812मध्ये 'अ‍ॅल्युमिनम' म्हटले. इतरांनी तेही 'अ‍ॅल्युमिनियम' केले. अमेरिकेत अजून 'अ‍ॅल्युमिनम'च चालते. आमची अम्मी या वादात पडली नाही. तिचे पातेले 'जर्मनचं'.

या पायंड्याने एकदा फसवलेही. 18 ऑगस्ट 1868चे खग्रास सूर्यग्रहण आपल्या विजयदुर्गावरून गुंटूरकडे गेले. त्या वर्षी सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा सापडली. इंग्लंडमधल्या नॉर्मन लॉकयरने ती नव्या मूलद्रव्याची ठरवली आणि ते धातूच असणार असे धरून नाव दिले हेलियम. 1895मध्ये रॅम्से यांना ते पृथ्वीवर सापडले, तर तो निघाला वायू! निऑन, आर्गॉन या भावंडांप्रमाणे त्याचे नाव 'हेलिऑन' हवे होते. 2016च्या नियमाने या गटातल्या नव्या मूलद्रव्याला 'ऑन' सक्तीचे केले, म्हणून 'ओगॅनेसॉन'. हेलियमला मात्र कोणी हात लावला नाही.

अम्मीच्या सोन्यालाही नाही. ती गेल्यावर तिच्या बांगड्यांची वाटणी झाली, तेव्हा आम्ही भावंडे 'सोना'च म्हणत होतो.