आधी तीनच्या आतलं लेकरू

व्यासपीठावरील मान्यवर, आठही तालुक्यांतून आलेल्या अंगणवाडी सेविका व मदतनीस ताई, आशाताई आणि शिक्षक मंडळी, स्वागत समितीच्या वतीने आपलं वर्ध्यात मनापासून स्वागत.

शिक्षणाचा खल वर्ध्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी बुनियादी शिक्षणाचा आराखडा केला. सातच्या आतली मुलं बाहेर राहिली. १९४५ साली सेवाग्रामच्या परिषदेत गांधीजींनीच या शिक्षणाची, म्हणजे नई तालीमची, वेस पार जन्मापर्यंत मागे नेली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी गावोगाव पोचली.

तरी मजुराचं तीनच्या आतलं लेकरू अजून वेशीबाहेरच आहे. वेचणीच्या दिवसांत बाई सकाळीच वावरात जाते. मजुरी किलोवर, पाजायला बसली की तेवढा कापूस कमी. लेकरू धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत, आणि झोळी हलवायला सात-आठ वर्षांची बहीण, जिने त्या वेळी शाळेत असायला हवं. अंगणवाडीतली खिचडी आणि गाणी थोरल्यांना; धाकट्याच्या वाट्याला घरपोच आहाराचं पाकीट आणि महिन्याचं वजन. वजन घ्यावंच. पण दिवसभर त्या लेकराशी बोललं कोण, हे काट्यावर दिसत नाही.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि बालविकास विभागासोबत ‘आरंभ’ या उपक्रमातून नेमकं हेच काम हाती घेतलं: बाळाशी बोला, घरातल्याच वस्तूंनी खेळा. काम मोलाचं आहे. मात्र दिवसभर वाकून घरी आलेल्या बाईने त्यासाठी वेळ कुठून काढायचा?

स्वागताध्यक्षाने स्वागत करून खाली बसावं, अशी रीत आहे. पण माइक हातात आहे तोवर एक मागणी करून घेतो. वेचणीच्या हंगामात गावात पाळणाघर हवं, तेही वावराच्या वेळेनुसार उघडणारं. सेविकाताईंच्या माथी आणखी एक रजिस्टर मारून ते चालणार नाही. वेगळं माणूस आणि वेगळं मानधन लागेल. अधिकारी मंडळींनी गटचर्चेत सेविकांच्या शेजारी बसावं आणि त्याचा खर्च तिथेच मांडावा.

लहान मुलं घेऊन आलेल्या ताईंसाठी शेजारच्या खोलीत पाळणाघर केलं आहे. जेवण साडेबाराला, पहिली पंगत मुलांची.