बर्फ थांबला, धोका थांबलेला नाही



डिसेंबर उजाडला,
की पुण्यामुंबईची ट्रेकर मंडळी केदारकंठा, मनालीची वाट धरतात.
त्यांच्यासाठी आज एकच गोष्ट.
बर्फ पडायचा थांबला, म्हणजे धोका टळला असं नाही.

डोंगरावर बर्फ थराथरानं साचतो.
एखादा थर साखरेसारखा सुटासुटा राहतो.
त्यावर ताजा बर्फ पडतो.
वारा आणखी आणून टाकतो.
वरचा थर घट्ट, खालचा तकलादू.
मग एका माणसाचं वजनही पुरतं.
अख्खा थर तडकतो, आणि सुटतो.
हेच हिमस्खलन.

धोका जास्त कुठे?
सरळसोट कड्यावर नाही. तिथे बर्फ फारसा टिकतच नाही.
साधारण 30 ते 45 अंशांचा उतार.
स्कीइंगवाल्यांना आवडतो, नेमका तोच.

पायाखाली ‘धप्प’ आवाज आला,
बर्फाला भेग गेली,
तर तो उतार लगेच सोडा.
फोटो राहू द्या हो!

एक उदाहरण घ्या. 4 ऑक्टोबर 2022.
उत्तरकाशीजवळचं द्रौपदी का डांडा शिखर.
नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली.
सोबत अनुभवी प्रशिक्षक होते.
आणि हिवाळा अजून लागलाही नव्हता.

म्हणून पुन्हा सांगते.
बर्फ थांबला, म्हणजे धोका टळला असं नाही.
हिमवृष्टीनंतरचा पहिला दिवस तर फारच नाजूक.
हिमस्खलनाचा इशारा ऐकूनच निघा.

तरीही हिमस्खलन झालंच, तर गाडल्या गेलेल्या माणसाच्या हाती जेमतेम पंधरा मिनिटं असतात.
बचावपथक तेवढ्यात पोचत नाही.
शोधायचं सोबत्यांनीच.
त्यासाठी प्रत्येकाकडे रेडिओ-संकेत सोडणारा बीकन, शोधकाठी आणि फावडं हवं.
बीकन सॅकमध्ये नको.
अंगावर हवा, आणि चालू हवा.