जिवाला लागलेला घोर ओळखा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पऱ्हाटीचं पान लाल पडलं तर मॅग्नेशियम कमी पडलं की तुडतुडे लागले, हे तुम्ही बांधावरून ओळखता. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीने नुकसानीची पातळी गाठली, हे आम्ही शेतकी शिकलेल्यांनी गावोगाव सांगितलं. पण पीक पाहायला आलेल्या आम्ही कधी विचारलं नाही, "दादा, रात्री झोप लागते का?" ही आमची चूक. आज ती कबूल करून बोलायचं आहे.

गेल्या हंगामात आमचा एक कार्यकर्ता दर दोन दिवसांनी पासबुक घेऊन यायचा. "व्याज बरोबर लावलंय ना? पुन्हा एकदा पाहा." आम्ही पाहून द्यायचो. तो निश्चिंत होऊन जायचा आणि परवा पुन्हा हजर! आम्ही थट्टा केली. मग उधारी असलेल्या कृषी केंद्राचा रस्ता सोडून तो आडवाटेने जाऊ लागला. बँकेचं पाकीट न फोडताच आढ्याला खोचू लागला. छातीत धडधडतं म्हणून दोनदा दवाखान्यात गेला. कार्डिओग्राम चांगला निघाला, पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. शेवटी त्याची घरवाली म्हणाली, "रात्री अडीचला उठतात आणि उजाडेस्तोवर ओसरीत फेऱ्या मारतात." तेव्हा आमचे डोळे उघडले. जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांना दाखवलं. वेळ गेली नव्हती. आजचा मंडप त्यानेच उभा केला आहे आणि हे सांगायला त्यानेच आम्हाला सांगितलं आहे.

काळजी कोणाला नाही? मृग कोरडा गेला, दुबार पेरणीला बियाणं कुठून आणू, ही काळजी माणसाला उठवून कामाला लावते. पण पाऊस आला, पेरणी साधली, तरी जीव थाऱ्यावर येत नाही. ज्वारी कणसावर आली तरी वाईटच डोळ्यांपुढे येतं. ती काळजी राहिली नाही, तो आजार झाला.

त्याची लक्षणं साधी आहेत. धडधड, हाताला कंप, घाम, घशाशी गोळा, सारखी लघवीची भावना. झोप न लागणं किंवा मध्येच मोडणं. लेकरांवर विनाकारण खेकसणं. एकच गोष्ट दहादा तपासणं. लग्नकार्य, बाजार, बैठक टाळणं. बायांच्या बाबतीत "डोकं दुखतं, अंग ठणकतं" एवढंच कानावर येतं. ते नखरे समजू नका. हे दोन आठवडे बहुतेक रोज चाललं आणि कामात अडथळा आला, तर नुकसानीची पातळी गाठली समजा.

दोन ठिकाणी मात्र गफलत नको. फवारणीनंतर घाम, कंप, मळमळ, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधुक झालं तर ती चिंता नव्हे, विषबाधा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली, हे विसरू नका. औषधाचा डबा सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. आणि छातीत कळ पहिल्यांदाच आली तर आधी हृदय तपासा.

दारूने डोळा लागतो, पण झोप मध्येच मोडते आणि सकाळी घोर दुप्पट होतो. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर २०२२ पासून सुरू आहे. तो फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. कोणी "आता जगून काय करू" म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. औषधाचे डबे एरवीही कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.

कोणी म्हणेल, कर्ज फिटलं, कापसाला भाव मिळाला की चिंता आपोआप जाईल. घोराचं मूळ तिथेच आहे, हे आम्हीही म्हणतो. भावासाठी भांडणं आपण सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पण भांडायला माणूस जिवंत आणि धड हवा. घाबरणं हा नामर्दपणा नव्हे. पदरचं सारं मातीत टाकून आभाळाकडे पाहणाऱ्याला घोर लागणारच.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. शेजारच्या दोन घरी जा. पिकाची चौकशी नंतर करा. आधी विचारा, "झोप लागते का?" आणि उत्तर येईपर्यंत बसून राहा.