घर कोणीं सोडावयाचें?

नवऱ्याच्या हातचा मार खाणाऱ्या स्त्रीविषयीं शेजारीपाजारी जो पहिला प्रश्न विचारतात, तो बहुतेक सर्व देशांत एकच असतो : एवढें सोसावें लागतें, तर ती घर सोडून कां जात नाहीं? प्रश्न सहानुभूतीचा दिसतो. परंतु त्याच्या पोटांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ज्यानें हात उचलला त्यानें घरांत राहावयाचें आणि जिला मार बसला तिनें बाहेर पडावयाचें, हें त्यांत आधींच ठरून गेलेलें असतें. निरनिराळ्या देशांच्या कायद्यांचा गेल्या दोन शतकांतील प्रवास पाहिला, तर तो याच एका गृहीत गोष्टीभोंवतीं फिरत आलेला दिसेल.

अठराव्या शतकांत विल्यम ब्लॅकस्टन या विख्यात इंग्रज कायदेपंडितानें असें नमूद करून ठेविलें कीं, जुन्या कायद्याप्रमाणें पतीला पत्नीस बेताची शिक्षा करण्याचा अधिकार होता. मात्र पुढें त्याविषयीं शंका घेतली जाऊं लागली. 'बेताची' हा शब्दच पुरेसा बोलका आहे. वाद होता तो माराच्या मापाचा, माराचा नव्हे. १८५३ सालीं पार्लमेंटनें स्त्रिया व मुलें यांवरील गंभीर हल्ल्यांसाठीं सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. परंतु नवरा तुरुंगांत गेला कीं त्याची मजुरी बुडे व घरची चूल विझे. आणि सुटून आला कीं तो त्याच घरीं, त्याच बायकोपुढें येऊन उभा राही. तक्रार करणें म्हणजे आपल्याच पायांवर कुऱ्हाड मारून घेण्यासारखें होतें.

१८७८ सालीं फ्रान्सेस पॉवर कॉब या विदुषीनें इंग्लंडांतील पत्नीछळावर एक जळजळीत निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें, पतीला गंभीर हल्ल्याबद्दल शिक्षा झाली असून पत्नीचा जीव पुढेंही धोक्यांत आहे असें दिसल्यास, तिला विभक्त राहण्याची परवानगी, पोटगी आणि दहा वर्षांखालील मुलांचा ताबा देण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटास मिळाला. १८९१ सालीं अपील न्यायालयानें आणखी एक पाऊल पुढें टाकलें : पत्नीला बळजबरीनें पकडून घरांत कोंडून ठेवण्याचा हक्क पतीला नाहीं, असा निर्वाळा त्यानें दिला. पावलें मोठीं होतीं यांत संशय नाहीं. तरीपण त्यांचा अर्थ इतकाच होता कीं, घराचें दार आंतून उघडलें. त्या दारांतून बाहेर पडावयाचें होतें तें स्त्रीलाच.

अटलांटिकच्या पलीकडे, नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १८७४ सालीं पत्नीला शिक्षा करण्याचा पतीचा हक्क स्पष्ट शब्दांत नाकारला. परंतु त्याच निकालांत पुढें असेंही सांगितलें कीं, कायमची इजा झाली नसेल आणि दुष्टपणा वा क्रौर्य दिसत नसेल, तर लोकांच्या नजरेआड पडदा ओढून घ्यावा व उभयतांना झालें गेलें विसरूं द्यावें, हेंच बरें. एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेणें तें हेंच. पडद्याआड जें चालतें त्याला मराठींत फार जुनें व नेमकें नांव आहे : तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पडदा दूर सारण्याचें काम पुढें बहुतांशीं स्त्रियांनींच केलें. १९७१ सालीं लंडनच्या चिझिक भागांत एरिन पिझी यांनीं अशा स्त्रियांसाठीं आश्रयगृह उघडलें. १९७६ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून, मारहाण करणाऱ्या पतीला राहत्या घरांतून दूर ठेवण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कौंटी न्यायालयांना दिला. दाराबाहेर कोणीं जावयाचें, या प्रश्नाचें उत्तर येथें पालटूं लागलें.

तें पुरतें पालटलें ऑस्ट्रियांत. १ मे १९९७ पासून तेथें जो कायदा अंमलांत आला, त्यानें पोलिसांना असा अधिकार दिला कीं, धोका दिसतांच त्यांनीं हिंसा करणाऱ्या माणसाला घराबाहेर काढावें, त्याच्याजवळच्या किल्ल्या काढून घ्याव्या व त्यास परत येण्यास मनाई करावी. घर कोणाच्या मालकीचें आहे हें पाहावयाचें नाहीं. आज ही मनाई दोन आठवड्यांची असते. तेवढ्यांत पीडितेनें न्यायालयाकडे अर्ज केला, तर ती चार आठवड्यांपर्यंत वाढते. १ जानेवारी २००२ पासून जर्मनीनेंही याच तत्त्वावर कायदा अंमलांत आणला.

गुन्हा शाबीत होण्यापूर्वींच माणसाला त्याच्या घरांतून काढणें हा अन्याय नव्हे काय, असा आक्षेप यावर घेतला जातो. आक्षेप हलका नाहीं. परंतु हा हुकूम म्हणजे शिक्षा नव्हे. तो थोड्या दिवसांचा बंदोबस्त आहे व त्याविरुद्ध न्यायालयांत दाद मागतां येते. दोघांना एका छपराखालीं ठेवणें धोक्याचें असेल, तर कोणाला तरी रात्र बाहेर काढावी लागणारच. ती मुलांना कडेवर घेऊन मार खाणारीनेंच काढावी, असा नियम कोणत्या न्यायाचा?

मात्र हुकूम कागदावर राहिला तर तो कागदच होय. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत कॅसल रॉक या गांवीं १९९९ सालीं, न्यायालयाचा मनाईहुकूम असतांना, एका पित्यानें आपल्या तीन मुलींना पळवून नेलें. आईनें पोलिसांकडे वारंवार विनवण्या केल्या. त्या तिन्ही मुली पुढें मृतावस्थेंत आढळल्या. हुकुमाची अंमलबजावणी पोलिसांकडून करवून घेण्याचा संविधानसिद्ध हक्क त्या आईला नव्हता, असें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं ठरविलें. त्याच वर्षीं भारताच्या संसदेनें कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा स्वतंत्र कायदा संमत केला.

भारतांत १९८३ सालीं दंडसंहितेंत कलम ४९८-अ घालून विवाहित स्त्रीचा छळ हा गुन्हा ठरविण्यांत आला होता. १ जुलै २०२४ पासून तें भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमांत आलें आहे. परंतु त्यांत शिक्षा होती, छप्पर नव्हतें. २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आलेल्या २००५ च्या कायद्यानें, मालकी असो वा नसो, सामायिक घरांत राहण्याचा हक्क स्त्रीला दिला. आणि छळ करणाऱ्या पुरुषाला तेथून निघून जाण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेटास देतां येईल, असें ठरविलें. सासूसासऱ्यांच्या मालकीच्या घरांत सुनेला हा हक्क नाहीं, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें २००६ च्या अखेरीस केला होता. तो अर्थ त्याच न्यायालयानें ऑक्टोबर २०२० मध्यें चुकीचा ठरविला. या निकालापर्यंत पोहोंचावयास चौदा वर्षें लागलीं.

छपराचें मोल किती, हें केरळांतील एका पाहणीवरून कळतें. प्रदीप पांडा व बीना अगरवाल यांनीं तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांतील ५०२ स्त्रियांची केलेली ही पाहणी २००५ सालीं प्रसिद्ध झाली. ज्या स्त्रियांच्या नांवावर घर वा जमीन कांहींच नव्हतें, त्यांपैकीं शेंकडा ४९ जणींना दीर्घकाळ शारीरिक मार सोसावा लागला होता. ज्यांच्या नांवावर घर होतें त्यांत हें प्रमाण शेंकडा १०, आणि घर व जमीन दोन्हीं असलेल्यांत अवघें ७ होतें. जिच्या पायाखालीं स्वतःची भुई आहे, तिच्यावर हात उगारतांना माणूस विचार करतो.

मुलीला सासरीं पाठवितांना दिल्या घरीं सुखी राहा असा आशीर्वाद देण्याची रीत आहे. त्या आशीर्वादांतील घर खरोखरच तिचें असावें, एवढेंच कायद्याचें मागणें आहे. तें मान्य झालें, म्हणजे ती घर सोडून कां जात नाहीं, हें विचारण्याचें कारण उरणार नाहीं. विचारावयाचें तें हेंच कीं, त्याला अजून घराबाहेर कां काढलें नाहीं?