महाविद्यालयाची निवड आणि विद्यार्थ्याचें कर्तव्य

बारावीच्या परीक्षेचा निकाल लागला कीं वाशींतील घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो: मुलानें अथवा मुलीनें कोणत्या महाविद्यालयांत नांव घालावें? प्रश्न लहान दिसतो. पण आयुष्यांतील तीन-चार वर्षें, कुटुंबाची पुंजी आणि पुढील चरितार्थ या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात. असें असूनहि पुष्कळ घरीं याचा निर्णय शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून, इमारतीच्या भपक्यावरून किंवा जाहिरातीच्या जोरावर होतो. बाजारांत धान्य घेतांना मूठभर दाणे तळहातावर घेऊन पारखणारा गृहस्थ महाविद्यालय मात्र न पारखतांच पत्करतो.

वाशीकरांपुढें हा प्रश्न पूर्वी इतका गुंतागुंतीचा नव्हता. नव्या मुंबईच्या उभारणीसाठीं १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, १९७३ सालीं ठाण्याच्या खाडीवर पूल झाला आणि १९९२ सालीं मानखुर्दहून आगगाडी वाशीस आली. याच काळांत शिक्षणाचीहि सोय होत गेली. रयत शिक्षण संस्थेचें कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय येथें १९७९ सालीं निघालें, तर फादर सी. रॉड्रिग्ज तंत्रज्ञान संस्था १९९४ सालीं सुरू झाली. आज घराजवळहि महाविद्यालयें आहेत, आणि आगगाडीमुळें मुंबईचीं महाविद्यालयेंहि आटोक्यांत आलीं आहेत. पर्याय वाढले म्हणजे विवेकहि वाढावा लागतो.

या विवेकाची पहिली पायरी अशी कीं, आधीं विषय ठरवावा आणि मग संस्था शोधावी. नांवाजलेल्या महाविद्यालयांत मन न लागणारा विषय घेण्यापेक्षां साध्या महाविद्यालयांत आवडीचा विषय घेणें अधिक हितावह होय. दुसरी पायरी म्हणजे पदवी कोणाची मिळणार हें पाहणें. संलग्न महाविद्यालयांत अभ्यासक्रम व पदवी दोन्ही विद्यापीठाचीं असतात. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवितें. पदवी मात्र विद्यापीठच देतें. अभिमत विद्यापीठ आपली पदवी आपणच देतें. हा भेद ठाऊक नसल्यामुळें अनेक पालक फसगत झाल्यावर जागे होतात. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, जी १९९४ सालीं स्थापन झाली, तिनें दिलेली श्रेणीहि पाहावी. परंतु ती कोणत्या सालची आहे हें विचारावें, आणि ती संबंध संस्थेस असते, प्रत्येक विभागास नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

तिसरी पायरी प्रत्यक्ष पाहणीची. प्रवेशाच्या गर्दींत नव्हे, तर एखाद्या साध्या कामाच्या दिवशीं महाविद्यालयांत जावें. तास नियमित होतात काय, प्रयोगशाळेंतील उपकरणें विद्यार्थ्यांच्या हातीं येतात कीं कपाटांत राहतात, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडें असतें, हे प्रश्न कचेरींत न विचारतां शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस विचारावे. त्यांच्याइतका निर्भीड साक्षीदार दुसरा मिळणार नाहीं.

अंतराचाहि हिशेब मांडावा. जाण्यास दीड तास आणि येण्यास दीड तास लागला, तर वर्षाच्या १८० दिवसांत ५४० तास प्रवासांत जातात. जवळ न मिळणाऱ्या विषयासाठीं हा खर्च योग्य ठरेल. केवळ नांवासाठीं नव्हे. मात्र याच हिशेबाचा आधार घेऊन मुलीला "जवळचें तें बरें" म्हणून नको त्या विषयांत बसविणें हा अन्याय आहे. भावासाठीं आगगाडी दूर नसेल, तर बहिणीसाठीं ती दूर कां व्हावी?

पैशाची अडचण खरी असते. वाशीच्या घाऊक बाजारांत पाठीवर पोतीं वाहणाऱ्या माथाडी कामगारांत साताऱ्याकडील कुटुंबें पुष्कळ आहेत. अशा घरीं कर्ज काढून मुलाचें शुल्क भरण्याआधीं सरकारी सवलतींची चौकशी अवश्य व्हावी. महाराष्ट्र सरकारनें २०२४-२५ या वर्षापासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलें. परंतु व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घेतलेल्या जागेस ही सवलत नाहीं. उतावीळपणानें अशी जागा घेणाऱ्या बापाच्या शिरावर टाळतां येण्याजोगें कर्ज बसतें.

निवड झाली म्हणजे अर्धें काम झालें; उरलेलें अर्धें विद्यार्थ्याचें. मराठी शाळेंतून आलेला हुशार मुलगा पहिल्या सहामाहींत इंग्रजी व्याख्यानांपुढें गप्प बसतो आणि आपण मंद आहों अशी समजूत करून घेतो. ही समजूत घातक असते. उणीव बुद्धीची नसून भाषेच्या सरावाची असते. रोज पाठ्यपुस्तकाचें एक पान मोठ्यानें वाचावें, नवे शब्द वहींत उतरावे आणि तास संपतांच अध्यापकांस शंका विचारावी. म्हणजे वर्षभरांत ती भीति ओसरते. जो विद्यार्थी तयार टिपणांवर विसंबतो तो परीक्षा उतरतो, पण विद्या त्याच्या अंगीं लागत नाहीं. उलट, मूळ ग्रंथ वाचणाऱ्यास साधें ग्रंथालयहि पुरतें.

ज्यांच्या नांवानें वाशींत महाविद्यालय उभें आहे, त्या भाऊरावांचें चरित्र या बाबतींत डोळ्यांपुढें ठेवण्यासारखें आहे. १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचें एकत्र वसतिगृह काढलें. तेथील मुलें उपाशी राहूं नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले. १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी महाविद्यालय निघालें. तेथें गरीब विद्यार्थी श्रम करून शिकूं लागले. त्या मुलांपाशीं निवडीला दहा महाविद्यालयें नव्हतीं. मिळालें त्या एका महाविद्यालयाचा त्यांनीं पुरेपूर उपयोग केला, आणि त्यांतूनच खेड्यापाड्यांतील कितीतरी घरीं पहिला पदवीधर निर्माण झाला.

आजच्या विद्यार्थ्यास निवड करतां येते, हें त्याचें भाग्य. ती त्यानें डोळसपणें करावी. पण एकदां केल्यावर, दुसरें महाविद्यालय मिळतें तर काय झालें असतें, या विचारांत एकहि दिवस दवडूं नये. महाविद्यालय विद्येचें दार उघडून देतें; आंत पाऊल टाकण्याचें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें.